गोणपाटाच्या भिंतीचे मालक

मेलबर्न, रविवार
(निदान सुरुवात तरी रविवारी)

प्रिय विन मावशी,

तुझ्या नव्या गुडघ्याला, जुन्या गुडघ्याला, सातही कोंबड्यांना आणि (अजून असेल तर) त्या आंधळ्या कुत्र्याला माझा नमस्कार. तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालतो. ती बिघडली की तू फोन करतेस आणि सुधारली की विसरतेस, हा आपला तीस वर्षांचा रिवाज आहे, त्यामुळे फोन वाजला नाही की मी समाधानाने झोपतो. टाकीत पाणी किती आहे? मागच्या नाताळात तू पत्र्यावर बोटाने टकटक करून ‘तिसऱ्या वळीपर्यंत आहे’ असं म्हणाली होतीस, आणि त्यानंतर मला दाढी करताना नळ बंद ठेवायला लावला होतास. माझी तब्येत विचारशील तर रक्तदाब सोडून सगळं बरं आहे. रक्तदाबाचं असं आहे की हॅमिश कॅथकार्टच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की तो वाढतो. सध्या चौथी चालू आहे.

हॅमिश तुला आठवेल. आईच्या अंत्यविधीला आला होता. उंच, रुपेरी केसांचा, ज्याने तुझ्या हातचे सहा सॉसेज रोल खाल्ले आणि प्रत्येक घासाला डोळे मिटून घेतले, तोच. (तू नंतर मला म्हणालीस, ‘तुझा मित्र किती हळवा आहे रे!’ मावशी, तो हळवा नव्हता, भुकेला होता. पण त्याची भूकसुद्धा हळवी दिसते, हेच तर माझं दुखणं आहे.) तो कवी आहे. मीही कवी आहे. फरक इतकाच की त्याचा नवा संग्रह आला की लोक ‘अखेर!’ म्हणतात आणि माझा आला की ‘अजून?’ म्हणतात. मला त्याचा मत्सर वाटतो असं मात्र समजू नकोस. मला त्याच्या केसांचा वाटतो, आवाजाचा वाटतो, वर्तमानपत्रात त्याच्यावर लिहिणाऱ्या बाई त्याच्या स्वल्पविरामांचंसुद्धा कौतुक करतात त्याचा वाटतो. एरवी माणूस म्हणून माझं त्याच्याबद्दल काहीही म्हणणं नाही.

आता इकडच्या धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कवितेला हल्ली कोणी विचारत नाही. लोकांना कवीचं बालपण हवं असतं, आणि तेही साधं चालत नाही. बाप दारुडा किंवा बेपत्ता, आई झिजलेली, दुष्काळ किमान तीन वर्षांचा, आणि एखादं जनावर मेलेलं लागतं. ज्यांचं बालपण सुखात गेलं त्यांनी काय करावं याचं उत्तर कोणाकडे नाही. हॅमिशचे वडील मेलबर्नमधले बडे डॉक्टर. घराला बारा खोल्या, टेनिसचं मैदान, आणि त्याला सांभाळायला एक बाई होती जी त्याच्या बुटांची नाडीसुद्धा बांधायची. असा माणूस आठवणी लिहायला बसला हे कळल्यावर मी पोट धरून हसलो. म्हटलं, लिहील काय बिचारा? टेनिसचा चेंडू हरवल्याचं दुःख?

मावशी, त्याने आपली गोष्ट लिहिली. तीच. वादळाची.

तुला ती पाठ आहे, पण मी सांगतोच, कारण मी ती चांगली सांगतो. सन चव्वेचाळीस, मॅलीचा रखरखीत मुलूख, तीन वर्षं पाऊस नाही. घराला भिंती गोणपाटाच्या, वरून चुना फासलेला. आजोबा गाडी घेऊन रेल्वेच्या थांब्यावर पाणी आणायला गेलेले, आजी शेजारणीच्या बाळंतपणाला. घरात तू आठ वर्षांची, आणि टेबलाखाली माझी आई दोन वर्षांची. भर दुपारी लाल धुळीचं वादळ आलं, इतका अंधार झाला की कोंबड्या रात्र समजून खुराड्यात जाऊन बसल्या. पश्चिमेची भिंत टरकन फाटली. तू दाभण आणि सुतळी घेतलीस आणि फाटत चाललेली भिंत शिवत सुटलीस. वारा फाडतोय, तू शिवतेयस. डोळ्यांत धूळ, काही दिसत नाही. संध्याकाळी आजोबा आले तेव्हा भिंत उभी होती आणि तू तिला चिकटून उभी होतीस, कारण टाके घालता घालता तू तुझ्या फ्रॉकचा घेरच भिंतीत शिवून टाकला होतास. पाच तास. आजोबांनी कात्रीने तुला भिंतीतून सोडवलं आणि म्हणाले, ‘टाके बरे आलेत.’

हॅमिशच्या पुस्तकाचं नाव ‘वाऱ्याला घातलेला टाका’. त्यात आठ वर्षांचा मुलगा आहे, त्याचा सदरा आहे, आणि बाप कात्री घेऊन येतो तेव्हा म्हणतो, ‘टाके बरे आलेत, पोरा.’ एक ‘पोरा’ शब्द त्याचा. बाकी सगळं आपलं.

त्याला कळलं कसं, असं विचारशील. (विचारू नकोस असं मनात येतं, पण तू विचारशील.) बारा वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका घरात आम्हा दोघांना पंधरा दिवस फुकट राहायला मिळालं होतं. लेखकांनी तिथे जाऊन लिहावं अशी अपेक्षा असते. लेखक तिथे जाऊन कोणाला खोली मोठी मिळाली ते बघतात. एका ओल्या दुपारी चुलीसमोर बसून मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो रडला. गालावरून थेंब ओघळू देत, न पुसता रडला. मला वाटलं, काय मन आहे! तो टिपून घेत होता, मावशी. फक्त कागद वापरत नव्हता.

आता एक बारीक तपशील. गोष्ट सांगताना मी मुलीच्या जागी मुलगा घातला होता, आणि मुलाच्या जागी मी. यात कसलाही वाईट हेतू नव्हता. ‘माझी एक मावशी होती’ अशी सुरुवात केली की लोक ग्लास भरायला उठतात. ‘मी आठ वर्षांचा होतो’ म्हटलं की खाली बसतात. शिवाय मी त्या गोष्टीत अगदीच नव्हतो असंही म्हणता येणार नाही. माझी आई टेबलाखाली होती, म्हणजे एका अर्थी मीही टेबलाखालीच होतो. मग ते माझ्या पुस्तकांच्या पाठीवर छापून आलं, ‘कवीचं बालपण मॅलीमध्ये गोणपाटाच्या भिंतीआड गेलं’, ते पहिल्यांदा प्रकाशकाच्या घाईत आणि पुढच्या तीन वेळा माझ्या आळसात. आमचं विटांचं घर, बाबांचं गालिच्यांचं दुकान, आणि मागच्या अंगणातला तो पोहण्याचा हौद, ज्यात तू दर नाताळात पाय सोडून बसायचीस आणि ‘एवढं पाणी एकाच खड्ड्यात!’ असं म्हणायचीस, हे पुस्तकाच्या पाठीवर मावण्यासारखं नव्हतं.

आणि मी त्यावर कविताही लिहिली होती! ‘दाभण’. अकरा वेळा पुन्हा लिहिली. एका मासिकाच्या संपादकाने परत पाठवताना लिहिलं, ‘कारागिरी छान, पण प्रत्यक्ष जगल्याची धग जाणवत नाही.’ त्याच गृहस्थाने परवा हॅमिशच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल लिहिलं की पान उलटताना बोटांना धूळ लागते. डॉक्टरच्या मुलाची धूळ लागते. माझी लागत नाही.

याहून वाईट म्हणजे पुस्तकाचं प्रकाशन माझ्या हस्ते होतं. हॅमिशने दोन महिने आधी फोन करून विचारलं, ‘ट्रेव्ह, तू बोलशील ना रे? तुझ्याशिवाय कोणाला सांगू?’ आणि मी हो म्हणून बसलो, कारण पुस्तक वाचलं नव्हतं आणि त्याच्या समारंभाला माझ्यापेक्षा जास्त माणसं येतात. पुस्तक हातात पडलं कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी. कोणताही लेखक उघडतो तसं मी ते शेवटून उघडलं, ऋणनिर्देशावर. एकशे चौदा नावं. त्यात त्याचा फिजिओथेरपिस्ट, त्याचा कुत्रा आणि एका उपाहारगृहातली खिडकीजवळची खुर्ची. मी नाही. मग तिसरं प्रकरण वाचलं. मग थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो.

मी भाषण लिहिलं. मावशी, तुला ते वाचायला मिळायला हवं होतं, चाळीस वर्षांत मी इतकं चांगलं काही लिहिलेलं नाही. पहिली दोन मिनिटं मध, तिसऱ्या मिनिटाला दाभण. ‘हॅमिश, तुझ्या सदऱ्याला हा टाका कोणी घातला ते सांगतोस, की मी सांगू?’ आरशासमोर ही ओळ म्हणताना अंगावर काटा आला. माझ्याच.

कार्यक्रमाच्या दिवशी दुकान गच्च भरलेलं. खोक्यातली वाइन, चीजचे तुकडे, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक (कोरडे, तू करतेस त्यांची सर नाही). मी कोपऱ्यात भाषण हातात घेऊन उभा होतो तर मोत्यांची माळ घातलेली एक म्हातारी बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हॅमिशची आई. ब्याऐंशी वर्षांच्या, ताठ, आणि बिस्किटासारख्या कुरकुरीत बोलणाऱ्या.

‘तुम्हीच का ते मॅलीचे?’ त्या म्हणाल्या. ‘मग तुम्हीच सांगा मला. तिसऱ्या प्रकरणात माझे हात भेगाळलेत. पाचव्यात मी ससे सोलते. नवव्यात मरते. आठव्याच्या शेवटापर्यंत मला वाटत होतं, बरी होईन.’

मी म्हटलं, ‘अहो, साहित्यात असं होतं.’

‘होत असेल. पण मी त्याला फोन करून म्हटलं, बाळ, मी जिवंत आहे, तर म्हणतो कसा, आई, भावनेच्या पातळीवर बघ ना! भावनेच्या पातळीवरसुद्धा मी सशाला हात लावलेला नाही हो.’ मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, ‘तुमची आई खरंच तशी होती का? इतकी सोसणारी? कारण त्याला ती माझ्यापेक्षा जास्त आवडलेली दिसते.’

मावशी, मी त्यांना लॅमिंग्टन आणून दिलं.

मग मी बोलायला उभा राहिलो. मधाची दोन मिनिटं उत्तम गेली, लोक हसले, हॅमिशने नम्रपणे जमिनीकडे पाहिलं. मी पान उलटलं, श्वास घेतला, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, ‘ओ भाऊ, एक मिनिट! भाषण मग चालू दे तुझं.’

अर्न हार्टविग म्हणून एक गृहस्थ, तिकडचे गव्हाचे शेतकरी, म्हातारपणी लेकीकडे राहायला आलेले. टोपी हातात, पुस्तक काखेत. ‘मी अर्धं वाचलंय,’ ते म्हणाले. ‘छान लिहिलंय पोराने. पण हे सन सत्तरमधलं म्हणतोय. सत्तर साली कसल्या गोणपाटाच्या भिंती रे? आमच्याकडे टीव्ही होता तेव्हा. माझ्या बापाच्या लहानपणी होतं हे सगळं.’

हॅमिशच्या आई माझ्याकडे बघून हळूच मान डोलावत होत्या, जणू ‘सोडू नका त्याला.’ मला काही करायचंच नव्हतं, देवानेच माणूस पाठवला होता. आणि तेवढ्यात हॅमिश, तो रुपेरी साप, माझ्याकडे वळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, ‘ट्रेव्हला विचारा. तो तिथलाच आहे. त्याच्या पुस्तकावर छापलेलंच आहे.’

दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. टेबलावर हॅमिशच्या ढिगाशेजारी सौजन्य म्हणून माझे संग्रहही मांडले होते, पाठ वर करून. आता मी खरं बोललो तर पुढचा प्रश्न काय येणार हे हार्टविगच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी हॅमिशपेक्षा एक वर्षानेच मोठा आहे. मावशी, मी, ट्रेव्हर नॅन्कॅरो, ज्याच्या जिभेला अख्खं शहर घाबरतं (निदान घाबरायचं), मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘हो, आमच्याकडे काही घरं तशीच राहिली होती. सत्तरपर्यंत. त्याहूनही पुढे.’

‘कुठल्या बाजूला?’ हार्टविग.

‘आतल्या बाजूला,’ मी म्हणालो.

ते बसले. टाळ्या पडल्या. हॅमिशने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, ‘तू खरा मित्र आहेस,’ आणि सर्वांत भयंकर म्हणजे तो खरंच बोलत होता. बारा वर्षांत तो विसरून गेलाय की गोष्ट त्याची नाही. पाठ झाली की आपली झाली, असा त्याचा हिशेब. मी त्याला दोष देऊ शकलो असतो, पण माझा हिशेबही तोच आहे, फक्त माझ्या चार पुस्तकांच्या मिळून जेवढ्या प्रती गेल्या नसतील तेवढ्या त्याच्या एका आठवड्यात जातात.

जाताना त्याची प्रकाशिका, इमोजेन नावाची चपळ बाई, मला दारात गाठून म्हणाली, ‘तुमचा आवाज काय अस्सल लागतो हो! तुम्ही का नाही लिहीत आठवणी?’ आणि मावशी, गेल्या सोमवारी तिचं पत्र आलं. तिला माझं बालपण हवं आहे. अखेर कोणाला तरी.

तर असा मी मजेत आहे. कोंबड्यांना सांभाळ, शिडीवर चढू नकोस, आणि गुडघ्याला तेल चोळायला शेजारच्या डॉटला बोलाव, स्वतः वाकत बसू नकोस. जास्त लिहून तुझे डोळे दुखवत नाही.

तुझा भाचा,
ट्रेव्हर

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. माझं बालपण वादळाच्या दिवशी संध्याकाळी संपतं, कारण तू तिथपर्यंतच सांगितलं आहेस. इमोजेनला अडीचशे पानं हवीत. आजोबांनी तुला भिंतीतून सोडवल्यावर पुढे माझं काय झालं? शाळेत कसा जायचो, घोडा होता की गाढव, पहिलं प्रेम कोणावर बसलं (मुलगा असेल तर नाव बदलतो), सगळं सविस्तर लिही. शनिवारी मीच येतो, टेपरेकॉर्डर घेऊन. आणि मधल्या काळात हॅमिश फळांचा केक घेऊन दारात आला तर केक घे आणि दार लाव.

ता. क. दुसरा, बुधवार : तिकीट आणायला विसरल्यामुळे पत्र टेबलावरच राहिलं आणि आज तुझं आलं. वरचं सगळं वाच किंवा वाचू नकोस.

तू लिहितेस की फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून तुला ‘वाऱ्याला घातलेला टाका’ मोठ्या अक्षरांतलं मिळालं. तू लिहितेस की वाचून तुला बरं वाटलं, जगात आणखी एकाने असंच सोसलं म्हणून. तू त्याला पत्र लिहिलंस, मी तुझा भाचा हेही कळवलंस, आणि त्याने चार पानी उत्तर दिलं. (मला त्याने कधी चार ओळी लिहिलेल्या नाहीत.) तू लिहितेस की मंगळवारच्या बायकांच्या लेखनवर्गात तू दोन वर्षं तुझं सगळं लिहिते आहेस, त्याच्या साठ प्रती छापायच्या आहेत, आणि पुढच्या महिन्यात महिला मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन आहे, हॅमिशच्या हस्ते. दोन वर्षं, मावशी! आणि मला विचारलंस फक्त, की येताना खुर्च्या उतरवायला लवकर येशील का.

हे सगळं मी वाचलं, पचवलं, दोन वेळा अंगणात जाऊन आलो. पण मग तुझ्या पत्राच्या शेवटी, कोंबड्यांच्या खाद्याच्या आणि डॉटच्या जावयाच्या मधोमध, ती ओळ होती. वर्गातल्या शिक्षिकेने तुला विचारलं, ‘विन, हे वादळाचं तू कॅथकार्टच्या पुस्तकातून घेतलंस का गं?’ आणि तू म्हणालीस, ‘असेलही. या वयात काय काय मिसळतं.’

मावशी, मिसळलेलं नाही. फ्रॉक तुझा होता. निळा, पिठाच्या पिशवीचा, आईने मला शंभर वेळा सांगितलंय. ती शिक्षिका, ते मंडळ, तो हार्टविग आला तर तो, सगळ्यांसमोर मी उभा राहून सांगेन की भिंत कोणाची, टाके कोणाचे, आणि बाकीचे आम्ही दोघे कोण. पुस्तकांच्या पाठींचं काय व्हायचं ते होईल. इमोजेनला आजच कळवलं की माझं बालपण विटांचं होतं. तिचं उत्तर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. वादळाच्या प्रकरणातला एक शब्दही काढू नकोस. काढलास तर तुझ्या कोंबड्या सोडून देईन.

ता. क. शेवटचा : हॅमिशच्या चार पानांतलं तू एक वाक्य उतरवून पाठवलंस, ‘भेटल्यावर मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे.’ म्हणजे त्याला आठवलंय. म्हणजे तो त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर कबूल करणार, आणि रडणार, न पुसता, आणि महिला मंडळ त्याच्याबरोबर रडणार, आणि वर्षभरात त्या कबुलीचंही पुस्तक येणार. तेव्हा मावशी, तुझ्याकडे मागणं एकच आहे, आणि हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. कार्यक्रमपत्रिका अजून छापली नसेल तर माझं नाव त्याच्या आधी घाल. खुर्च्या मी सगळ्या उतरवतो, चहाही करतो. पाचच मिनिटं दे. पण चोर म्हणून आधी मी उभा राहणार.